चार बोटे जमीन सोडून

कवितेची ओळ लांबली की मी ती छाटतो. विमानाच्या प्रोपेलरला तो न्याय लावता येत नाही. पाती आखूड केली तर इंजिनाची ताकद वाया जाते, लांब ठेवली तर ती जमिनीला लागतात. अमेरिकेच्या कोर्सेअर विमानाने १९४० साली पहिले उड्डाण केले, त्याचा प्रोपेलर १३ फूट ४ इंच व्यासाचा! चाकांचे पाय उंच करावेत, तर जहाजावर आदळत उतरताना ते टिकायचे कसे? रेक्स बायझेल यांच्या चमूने पंखच खाली वाकवले आणि त्या बाकापाशी आखूड, दणकट पाय बसवले.

घरी विमान बांधणाऱ्या हौशी माणसाला ही चैन कुठली? त्याच्या हाताशी अमेरिकी नियमावलीतले जुने माप असते: चाक शेपटीला असेल तर ९ इंच, नाकाखाली असेल तर ७ इंच मोकळे, तेही वजनाने चाके दबल्यावर. आणि टायर पार बसला, तरी पाते जमिनीला टेकता कामा नये.