रुग्णाची निद्रा

शुश्रूषेचा इतिहास सांगणारे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या हातातील दिव्याचे वर्णन मोठ्या भक्तिभावाने करतात. परंतु याच बाईंनी क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर, १८५९ च्या सुमारास लिहिलेल्या परिचर्याविषयक पुस्तकात आवाजासाठी एक स्वतंत्र प्रकरण राखून ठेवले आणि रोग्याला जाणूनबुजून अथवा चुकूनही झोपेतून उठवू नये अशी सक्त ताकीद दिली, याचा उल्लेख क्वचितच होतो. त्यांची नजर मोठी बारीक: रेशमी झग्याची सळसळ, बुटांची करकर, खोलीतच चाललेली कुजबुज (आमच्या इस्पितळांतील भेटीच्या वेळा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना अधिक सांगणे नलगे) यांपैकी काहीच त्यांनी सोडले नाही, आणि पहिल्या झोपेतच उठवलेल्या रोग्याला पुन्हा झोप लागणे कठीण, काही तास झोपून उठलेल्याला मात्र ती लागू शकते, हा भेद त्यांनी कोणत्याही यंत्रावाचून टिपला.

शतकभराने हा दंडक मोडला, आणि मोडण्याचे निमित्त परोपकाराचेच होते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली, तेव्हा श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रोग्यांच्या श्वासनलिकेला छिद्र पाडून त्यात नळी बसवावी आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास पुरवावा, ही युक्ती ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने अमलात आणली. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस त्या कामी तैनात झाले. आणि त्याच अनुभवातून १९५३ मध्ये त्या शहरात अतिदक्षता विभाग उभा राहिला. जेथे पहारेकऱ्याची नजर क्षणभर ढळली तर प्राण जावा, तेथे दिवा मालवण्याची मुभा कोण देणार? तो बंदोबस्त प्राणरक्षणाचा होता. निद्रेची तरतूद त्यात नव्हती. साठच्या दशकात अशा विभागांतील रोगी भ्रमिष्टासारखे बरळतात, असे वैद्यकीय नियतकालिकांत लिहून येऊ लागले, तेव्हा कोठे जागरणाचा संशय घेतला गेला.

तरीही मिटलेले डोळे म्हणजे झोप, हा समज दप्तरी कायमच होता. १९८५ साली स्वीडनमधील दोन संशोधकांनी मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या नऊ रोग्यांच्या मेंदूतील विद्युत्-लहरींची अखंड नोंद घेतली, तेव्हा गाढ निद्रा आणि स्वप्नावस्था जवळजवळ लोपल्याचे दिसले, आणि परिचारिकांनी अंदाजिलेली झोप प्रत्यक्षाहून पुष्कळ अधिक भरली. पुढे असेही निष्पन्न झाले की, आवाज हा अनेक अपराध्यांपैकी एक. वेदना, कृत्रिम श्वास, खुद्द आजार आणि डोळे मिटवूनही गाढ झोप न देणारी गुंगीची औषधे हेही त्यातील वाटेकरी.

अतिदक्षतेच्या अमेरिकी वैद्यकसंस्थेने आपल्या मार्गदर्शिकेच्या शीर्षकातच वेदना व संभ्रम यांच्या पंक्तीला निद्रेस बसवले ते २०१८ मध्ये; रात्री प्रकाश आणि गोंगाट कमी करावा ही सूचनाही तीत होती. तोवर इब्सेन यांच्या विभागाला पासष्ट वर्षे होत आली होती.