न खपलेल्या कमॅरोंचे मोल

१/३ अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या ला हार्प या छोट्या गावी फ्रेड गिब हे शेव्हरोलेचे विक्रेते होते. १९६९च्या हंगामासाठी त्यांनी ५० ‘झेडएल-१’ कमॅरो मागवल्या. ड्रॅग शर्यतीतील मान्यतेसाठी किमान तेवढ्या गाड्या आवश्यक होत्या.

२/३ कमॅरोत ४०० घनइंचांहून मोठे इंजिन बसवण्यास कंपनीची मनाई होती. टॅक्सी-पोलिसांच्या ताफ्यांसाठी असलेल्या ‘कोपो’ या विशेष मागणीपद्धतीतून गिब यांनी ४२७ घनइंचांचे ॲल्युमिनियम इंजिन मिळवले.

३/३ परंतु किंमत ७,००० डॉलरांपलीकडे गेली. बहुतेक गाड्या अन्य विक्रेत्यांकडे वळवाव्या लागल्या. एकूण घडल्या अवघ्या ६९. इंजिन नंतरही बदलता येते; म्हणून आज अस्सलपणा ठरवताना विक्रेत्याची जुनी पावती मोलाची ठरते.