रकान्यात न बसलेला बिल रसेल

सरकारी नमुन्यात शेवटचा रकाना बहुधा 'शेरा' हा असतो. नोकरीच्या इतक्या वर्षांत हा रकाना मी बहुतेक वेळा आडवी रेघ मारूनच भरला आहे. रेघ मारली की कागद पूर्ण होतो आणि कोणी काही विचारत नाही.

पंधराएक वर्षांपूर्वी एका तालुक्यात शालेय बास्केटबॉल संघाची निवड होती, तिथं नोंदी ठेवायला मला बसवलं होतं. का, तर कॉलेजात असताना मी थोडंफार बास्केटबॉल खेळलो होतो आणि माझं अक्षर बरं आहे. दुसरं कारण जास्त खरं असावं. तक्त्यात पाच रकाने होते: उंची, ड्रिबल, पास, ले-अप, फ्री थ्रो. प्रत्येकाला दहा गुण. आणि शेवटी अर्थातच शेरा.

सत्तरीकडचा एक मुलगा आला होता. सोळा वर्षांचा, बाकीच्यांपेक्षा चांगला वीतभर उंच. ड्रिबल करताना चेंडू त्याच्याच पायाला लागून बाहेर गेला. ले-अपला पाऊल चुकलं. फ्री थ्रो पाचातला एक गेला, तोही फळ्यावर आपटून. माझ्या शेजारी बसलेले शारीरिक शिक्षणाचे सर हळूच म्हणाले, "उंची आसा, पूण हात ना." पोरं हसली, मीही हसलो. मग दहा मिनिटांचा सराव सामना झाला. त्यात त्या मुलाने एकही गुण केला नाही. पण तो रिंगखाली उभा असताना समोरच्या पोरांचे सोपे सोपे नेम चुकत होते. दोघातिघांचे चेंडू त्याने वरच्या वर थोपवले. मग तर कोणी त्याच्या जवळच येईना, लांबूनच फेकू लागले. हे मला दिसलं होतं. पण ते लिहायचं कुठं? तसा रकानाच नव्हता. बेरीज केली, शेऱ्यात आडवी रेघ मारली. बारा जणांच्या यादीत तो नव्हता.

त्या दिवाळीच्या सुटीत ग्रंथालयात बसून मी बिल रसेलबद्दल वाचलं, आणि ती आडवी रेघ जी टोचायला लागली ती अजून टोचते आहे.

बास्केटबॉलशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. संघातले पाच खेळाडू एका वेळी मैदानात असतात. त्यांतला जो रिंगच्या जवळ खेळतो, बहुधा सर्वांत उंच असतो, तो सेंटर. उंची शिकवता येत नाही, म्हणून उंच मुलगा दिसला की प्रशिक्षक त्याला धरतात. आणि इथंच सगळी गोची आहे. अशी मुलं एकदोन वर्षांत भराभर वाढतात. हात-पाय लांब झालेले असतात, पण त्यांचा अंदाज अजून शरीराला आलेला नसतो. त्यातून त्यांना लहानपणापासून 'तू रिंगखाली उभा राहा' एवढंच सांगितलेलं असतं, चेंडू हातात फारसा मिळालेलाच नसतो. तेव्हा सोळा-सतराचा सेंटर हा हमखास ओबडधोबड दिसतो. तो पुढे काय होईल हे ओळखणं म्हणजे झाडावरची हिरवी कैरी पाहून मानकुराद कसा पिकेल ते सांगणं. आपल्याकडे जाणते लोक ते सांगतात, पण तेही फसतात.

तर रसेल. जन्म १९३४, अमेरिकेच्या दक्षिणेत लुईझियाना राज्यातल्या मनरो गावी. काळ्या माणसांना पदोपदी अपमान सोसायला लावणारा तो प्रदेश. तो लहान असतानाच कुटुंब कॅलिफोर्नियात ओकलंडला आलं. तो बारा वर्षांचा असताना आई वारली. मॅक्लायमंड्स हायस्कूलमध्ये तो किडकिडीत, अडखळणारा, स्वतःवर विश्वास नसलेला मुलगा होता. तिथल्या कनिष्ठ संघाचे प्रशिक्षक होते जॉर्ज पाउल्स. या गृहस्थांचा खरा खेळ बेसबॉल. त्यांच्याकडे गणवेश होते पंधरा. पाउल्सनी रसेलला सोळावा खेळाडू म्हणून ठेवून घेतलं. म्हणजे शेवटचा गणवेश रसेल आणि आणखी एक मुलगा असे आळीपाळीने घालायचे. एक सामना हा, पुढचा तो.

मला या गोष्टीचं फार नवल वाटतं. पाउल्सना त्या मुलात भावी सम्राट दिसला होता असं मुळीच नाही. त्यांनी फक्त त्याला घरी पाठवलं नाही. पंधराच्या यादीत सोळावं नाव लिहायला काही दिव्यदृष्टी लागत नाही. आम्हा कारकुनांना मात्र तेच सर्वांत अवघड. मंजूर संख्या पंधरा, तर नावं पंधराच!

शाळा संपताना रसेलला एकाच ठिकाणाहून शिष्यवृत्ती मिळाली, युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोकडून. या संस्थेचे एक माजी खेळाडू, हाल डिज्युलिओ, यांनी त्याला एका सामन्यात पाहिलं होतं. रसेलने त्या दिवशी १४ गुण केले. आकडा म्हणून यात काही विशेष नाही. पण सामना अटीतटीचा असताना, नेमक्या नाजूक क्षणी, हा मुलगा चेंडूजवळ असतो, एवढं डिज्युलिओंनी टिपलं. बाकी कसब कच्चंच होतं.

कॉलेजात त्याला खोलीत सोबती मिळाला के. सी. जोन्स. हा पुढे स्वतः मोठा खेळाडू आणि प्रशिक्षक झाला. ही दोघं तासन्‌तास खेळाच्या भूमितीवर बोलायची. चेंडू कोणत्या कोनातून येईल, फळ्यावरून कुठं उडेल, समोरच्याला कोणत्या बाजूला जायला भाग पाडायचं. रसेलला आणखी एक सवय होती. लहानपणी तो ग्रंथालयातून जुन्या इटालियन चित्रकारांच्या चित्रांच्या प्रती घरी आणायचा, त्या नीट पाहून ठेवायचा आणि मग आठवणीतून काढू पाहायचा. चित्रं काही जमली नाहीत. पण पुढे दुसऱ्या खेळाडूच्या हालचाली डोळे मिटून मनात उभ्या करायला त्याला तीच सवय उपयोगी पडली. निवड समितीच्या कोणत्या रकान्यात हे बसवणार, सांगा!

आता मुख्य गोष्ट. त्या काळी बचावाचं शास्त्र असं होतं की चांगल्या बचावपटूचे पाय जमिनीवरून सुटता कामा नयेत. उडी मारली की तो हुकला, समोरचा बाजूने निघून गेला. सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक फिल वुलपर्ट हे याच मताचे, आणि माणूस अतिशय सचोटीचा. रसेल तर जन्मजात उडी मारणारा. त्याने पुढे सांगितलेली एक आठवण आहे. कॉलेजच्या मुख्य संघातला त्याचा पहिलाच सामना, समोर कॅलिफोर्नियाचा नामांकित सेंटर बॉब मॅक्कीन. रसेलने त्याचे नेम एकामागून एक हवेतच थोपवले. विश्रांतीत प्रशिक्षकांनी सांगितलं, असा बचाव करायचा नसतो, आणि कसा करायचा ते दाखवलं. त्याने तसं करून पाहिलं, तर मॅक्कीन आरामात चेंडू टाकू लागला. मग रसेल आपल्या जुन्या पद्धतीवर परत गेला.

याचा अर्थ वुलपर्ट मूर्ख होते असा नाही. त्यांचं शास्त्र त्यांनी आजवर पाहिलेल्या सगळ्या खेळाडूंच्या बाबतीत खरंच होतं. इतक्या उंचीचा, इतका चपळ, आणि उडी चुकली तर खाली येऊन दुसऱ्यांदा उडणारा सेंटर त्यांनी पाहिलाच नव्हता. कच्चा माणूस आणि नवा माणूस, दोघेही लांबून चुकल्यासारखेच दिसतात. वुलपर्टचा मोठेपणा असा की त्यांनी त्याला संघाबाहेर काढलं नाही. शिवाय १९५४-५५ मध्ये त्यांनी तीन काळे खेळाडू सुरुवातीच्या पाचात खेळवले, जे त्या काळात धाडसच होतं. १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन वर्षं हा संघ राष्ट्रीय विजेता झाला, ओळीने ५५ सामने जिंकला. तरीही १९५५ साली उत्तर कॅलिफोर्नियाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून दुसऱ्याच, गोऱ्या, खेळाडूची निवड झाली. पाहणाऱ्याच्या डोळ्यात जे आधीपासून असतं तेही गुणांच्या बेरजेत येतं, हे इथं विसरून चालणार नाही.

१९५६ साली व्यावसायिक संघांनी निवड केली तेव्हा पहिला हक्क रोचेस्टरचा होता, त्यांनी सिह्यूगो ग्रीनला घेतलं. दुसरा हक्क सेंट लुईसचा. बॉस्टन सेल्टिक्सचे प्रशिक्षक रेड ऑरबाख यांनी एड मकॉली हा तयार नामवंत खेळाडू आणि त्याच्यासोबत क्लिफ हेगन असे दोघे देऊन तो हक्क मिळवला. रसेलकडे बघायला ऑरबाखना सांगितलं होतं त्यांच्या स्वतःच्या कॉलेजच्या प्रशिक्षकांनी, बिल राइनहार्ट यांनी. तक्रार सगळ्यांची एकच होती: याला नेम मारता येत नाही. तक्रार खोटी नव्हती. साऱ्या कारकिर्दीत मैदानातून मारलेल्या त्याच्या नेमांपैकी जेमतेम ४४ टक्के लागले आणि फ्री थ्रो ५६ टक्के.

पण ऑरबाखचा हिशेब वेगळा होता. गुण करायला त्यांच्याकडे माणसं होती, चेंडू आणून देणारा नव्हता. त्यांनी रसेलला सांगून टाकलं की तू किती गुण केलेस यावर तुझा पगार ठरणार नाही. १३ हंगामांत बॉस्टनने ११ वेळा अजिंक्यपद मिळवलं. १९६६ पासून शेवटची तीन वर्षं तर रसेल खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही होता.

आणि आता कारकुनाच्या कामाची गोष्ट. रसेल ज्यासाठी प्रसिद्ध, तो म्हणजे समोरच्याचा नेम हवेत थोपवणं, ब्लॉक. एनबीएने ब्लॉकची अधिकृत नोंद ठेवायला सुरुवात केली १९७३-७४ च्या हंगामात. रसेल निवृत्त झाला १९६९ साली. म्हणजे त्याच्या नावापुढे रिबाउंड आहेत २१,६२०, गुण आहेत, सामने आहेत, पण ब्लॉकच्या रकान्यात काही नाही. शून्यसुद्धा नाही. अंतिम सामन्यांतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही सुरू झाला नेमका १९६९ मध्ये, त्याच्या शेवटच्या वर्षी, आणि तो मिळाला हरलेल्या संघातल्या जेरी वेस्टला. २००९ पासून त्या पुरस्काराला रसेलचं नाव आहे. असो.

आता कोणी म्हणेल, म्हणजे उंच आणि अडखळणारा प्रत्येक मुलगा घ्यायचा का? तर नाही. उलट बाजू तेवढीच खरी आहे. २००१ साली वॉशिंग्टन संघाने क्वामी ब्राउन या शाळेतून थेट आलेल्या तरुणाला सर्वप्रथम निवडलं. निर्णय घेणाऱ्यांत साक्षात मायकल जॉर्डन. त्याच निवडीत दुसऱ्या क्रमांकावर गेला टायसन चँडलर, तोही तसाच, शाळेतून आलेला, उंच, कच्चा. ब्राउन बारा हंगाम खेळला, पण सामन्यामागे सरासरी साडेसहा गुणांच्या आसपासच राहिला. 'फुकट गेलेली निवड' म्हणून त्याची टिंगल आजही होते, जी मला क्रूर वाटते. चँडलरलाही पहिली वर्षं जड गेली, संघ बदलावे लागले. पण २०११ मध्ये तो डॅलसकडून अजिंक्यपदाचा मानकरी ठरला आणि २०१२ मध्ये सर्वोत्तम बचावपटू. जॉर्डनहून खेळ अधिक जाणणारा कोण होता? तरी एकाच दिवशी, शेजारी शेजारी असलेली दोन हिरवी फळं त्याला ओळखता आली नाहीत.

आपल्या सतनामसिंगचंही तसंच. पंजाबातल्या शेतकरी कुटुंबातला सव्वासात फुटांच्या आसपासचा मुलगा, लुधियानाच्या अकादमीतून अमेरिकेत गेला. २०१५ साली डॅलसने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडलं. भारतात जन्मलेला एनबीएने निवडलेला तो पहिला खेळाडू. एनबीएच्या मुख्य हंगामातला एक सामनाही त्याच्या वाट्याला आला नाही. उंची सगळ्यांना दिसली होती.

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण आपण फार सहज वापरतो. सेंटरचे पाय पाळण्यात दिसतात ते पाळण्याबाहेर आलेले, एवढंच. ओळखणारा डोळा लागतो हे खरं, पण रसेलच्या गोष्टीत मला डोळ्यापेक्षा माणसांची साखळी जास्त दिसते. पाउल्सनी गणवेश दिला, डिज्युलिओंनी एक सामना नीट पाहिला, जोन्सने रात्री जागवल्या, वुलपर्टनी मत नसताना खेळवला, ऑरबाखनी त्याच्या उणिवेवर दुसरी माणसं लावली. यातला एक दुवा निसटला असता, तर ओकलंडमधला एक उंच कामगार एवढीच त्याची ओळख राहिली असती. क्वामी ब्राउनला काय मिळालं? पहिल्याच दिवसापासून 'पहिल्या क्रमांकाचा' म्हणून अपेक्षांचं ओझं.

३१ जुलै २०२२ रोजी रसेल गेला, वयाच्या ८८ व्या वर्षी. त्याचा सहा क्रमांकाचा शर्ट साऱ्या एनबीएने निवृत्त केला. असा मान तिथं त्याआधी कोणालाही मिळालेला नव्हता. बातमी वाचली तेव्हा मला तो तक्ता पुन्हा आठवला.

त्या निवडीनंतरच्या वर्षी मला पुन्हा बोलावलं होतं. तोच तक्ता, तेच पाच रकाने. फ्री थ्रो आणि शेऱ्याच्या मध्ये मी पट्टीने पेन्सिलीची एक उभी रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'दुसऱ्याचा नेम चुकवला'. सर म्हणाले, "हे काय नवीन?" मी म्हटलं, "सर, गुण देऊ नका, नुसतं मोजू." त्यांनी खांदे उडवले, पण मोजू दिलं. चार मुलांच्या नावापुढे रेघोट्या पडल्या. एक तर सगळ्यांत बुटका होता.

सत्तरीचा तो मुलगा आला नव्हता. त्याच्या शाळेच्या सरांना विचारलं, तर म्हणाले, "दहावीनंतर तो कुठं गेला, माहीत नाही."