पोह्यांची बशी आणि पंक्तीचा प्रश्न : येरवड्यातील तीन पारणी

(१)
रविवारी सकाळी येरवड्यातील एखाद्या घरी जुने मित्र मुलाबाळांसह न्याहारीला येणार असले, की यजमानांची चिंता साधी असते. पोहे किती भिजवावेत, मुलांच्या वाट्याचे मिरची न घालता वेगळे काढावेत का, चहा किती जणांचा टाकावा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच पुण्यात पाहुणे बोलावताना पहिला प्रश्न निराळा असे : कोण कोणाच्या हातचे खाईल आणि कोण कोणाच्या पंक्तीस बसेल? या प्रश्नाच्या इतिहासातील काही महत्त्वाचे प्रसंग येरवड्यातच घडले.

(२)
प्रथम बशीकडेच पाहू. पोहे अस्सल येथलेच. सुदामा मित्राच्या घरी गेला तो पोह्यांची पुरचुंडी घेऊनच. पण त्यात पडणारी मिरची, बटाटा आणि शेंगदाणा हे तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले. पंधराव्या शतकाअखेरपर्यंत भारतात यांपैकी काहीही नव्हते. पोर्तुगीज आणि त्यांच्यामागून आलेल्या युरोपीय व्यापाऱ्यांमुळे ही पिके येथे रुजली. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओकाही तिकडचाच.

(३)
समाजाने हे परके पदार्थ स्वीकारले, इतकेच नव्हे तर बटाटा, शेंगदाणा आणि साबुदाणा यांना उपवासाच्या ताटात मानाचे स्थान दिले. सातासमुद्रापलीकडचा कंद सोवळ्यात चालला. वेशीबाहेरच्या माणसाच्या हातचे पाणी मात्र चालले नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यातील आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा त्या कृतीचा अर्थ साऱ्या शहराला कळला होता.

(४)
उच्चवर्णीयांनाही या बंधनांचा काच कसा बसे, याचे ठळक उदाहरण म्हणजे पंचहौद मिशनचे चहा प्रकरण. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातील या मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळी निमंत्रणावरून जमली. पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी केवळ मान राखण्यापुरता पेला हाती धरला. निमंत्रितांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते आणि बाळ गंगाधर टिळकही होते.

(५)
या बैठकीमागे गोपाळराव जोशी होते, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती. पुढे उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आली आणि शहरात वादळ उठले. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या घरचा चहा म्हणजे धर्मबाह्य वर्तन, असा आरोप झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रीतसर चौकशी बसली.

(६)
ग्रामण्य म्हणजे नुसती निंदा नव्हे. बहिष्कृत घरी श्राद्धाला भटजी येत नसे, मुंज-विवाह अडत, माहेर-सासरचे येणेजाणे तुटे. टिळकांनी शास्त्राधारे आपली बाजू मांडली आणि काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतले. त्या निर्णयाची सल रमाबाई रानडे यांच्या आठवणींत उमटली आहे. उच्च न्यायालयाचा भावी न्यायाधीश एका पेलाभर चहापुढे नमला. जातीच्या पंचायतीची ताकद एवढी होती.

(७)
ज्यांच्याकडे प्रतिष्ठा नव्हती, त्यांची स्थिती याहून कठोर होती. कोल्हापुरात पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले आणि तेथे थांबून स्वतः चहा घेतला. राजाने सर्वांदेखत तेथे चहा प्यायल्यामुळे विषय खासगी राहिला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा तो उपकाराचा नव्हे, हक्काचा विषय झाला.

(८)
आता येरवडा. जानेवारी १९३२ मध्ये गांधीजी आणि सरदार वल्लभभाई पटेल येथील मध्यवर्ती कारागृहात आले. मार्चमध्ये महादेवभाई देसाई त्यांना येऊन मिळाले. भल्या पहाटे प्रार्थना, मग मध-लिंबाचे पाणी, असा दिवस सुरू होई. खाण्यापिण्याची पुष्कळशी तयारी सरदार करीत. गांधीजींचा खाण्याच्या सोड्यावर फार विश्वास. त्यावरून सरदार थट्टा करीत : कोणताही अवघड प्रश्न निघाला, की त्यातही सोडा टाका! रद्दी कागदाची पाकिटे बनवणे आणि सातवळेकरांच्या पुस्तकांवरून संस्कृत शिकणे, हे सरदारांचे इतर उद्योग.

(९)
ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य वर्गाला स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. आंबेडकरांच्या दृष्टीने हा आपला प्रतिनिधी आपण निवडण्याचा अधिकार होता. गांधीजींच्या दृष्टीने हिंदू समाजाची कायमची फाळणी. २० सप्टेंबर १९३२ रोजी दुपारी गांधीजींनी तुरुंगातच प्राणांतिक उपोषण आरंभिले.

(१०)
तुरुंगाच्या अंगणात आंब्याच्या झाडाखाली त्यांची खाट होती आणि तेथेच वाटाघाटी चालू होत्या. २२ तारखेला आंबेडकर भेटीस आले. पेच विलक्षण होता : एका बाजूस एका वृद्धाचे प्राण, दुसऱ्या बाजूस कोट्यवधी लोकांचे राजकीय भवितव्य. उपोषणाचा दबाव आंबेडकरांवरच येऊन पडला होता, हे विसरून या घटनेचा इतिहास सांगता येत नाही.

(११)
२४ सप्टेंबरला पुणे करारावर सह्या झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्यांऐवजी संयुक्त मतदारसंघ आणि प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. प्रत्येक राखीव जागेसाठी आधी अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे, मग सर्वांनी मिळून त्यांतून एक, अशी रचना ठरली. जागा निवाड्यापेक्षा दुपटीच्या आसपास वाढल्या, पण अंतिम निवडीचा अधिकार बहुसंख्याकांच्या हाती गेला. आंबेडकरांनी पुढे या करारावर कठोर टीका केली.

(१२)
इंग्रजीतील ‘ब्रेकफास्ट’ या शब्दाचा मूळ अर्थ उपवास मोडणे. मराठीत त्याला पारणे म्हणतात. येरवड्यातील पहिले पारणे २६ सप्टेंबरच्या सायंकाळी झाले. करार ब्रिटिश सरकारला मान्य असल्याचे कळल्यावर कस्तुरबांनी गांधीजींच्या हाती संत्र्याचा रस दिला. लांबच्या उपवासानंतर जड अन्न शरीराला झेपत नाही, म्हणून आरंभ फळांच्या रसाने. कलकत्त्याहून तातडीने आलेले रवींद्रनाथ टागोर जवळ होते. त्यांनी गीतांजलीतील एक गीत गायिले.

(१३)
त्या दिवशीच्या मंडळींतले एक नाव सहसा मागे राहते : परचुरे शास्त्री. हे संस्कृतचे विद्वान त्याच तुरुंगात कैदी होते आणि त्यांना कुष्ठरोग झाला होता. या पारण्याच्या वेळी त्यांनी मंत्रपठण केले. रोगामुळे समाजाने दूर सारलेला माणूस अस्पृश्यतेविरुद्धच्या उपोषणाच्या समाप्तीस मंत्र म्हणतो, हा योगायोग अर्थपूर्ण होता. पुढे शास्त्री सेवाग्रामला गेले. तेथे गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा आणि मालिश करीत.

(१४)
त्या आठवड्यात देशभर मंदिरे उघडली, विहिरी खुल्या झाल्या, ठिकठिकाणी सहभोजने झाली. जवाहरलालजींच्या मातोश्री स्वरूपराणी नेहरू यांनी अस्पृश्याच्या हातचे अन्न सर्वांदेखत घेतले. हे लहान नव्हते. ४० वर्षांपूर्वी पुण्यात चहासाठी प्रायश्चित्त मागितले गेले होते. तरीही एका जेवणाने जात जाते का, हा प्रश्न उरलाच.

(१५)
दुसरे पारणे येरवड्याच्याच टेकडीवर. ८ मे १९३३ रोजी गांधीजींनी आत्मशुद्धीसाठी २१ दिवसांचा उपवास सुरू केला. सरकारने त्यांना त्याच दिवशी मुक्त केले आणि ते प्रेमलीला ठाकरसी यांच्या ‘पर्णकुटी’ बंगल्यात आले. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाखांची देणगी देणाऱ्या सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या त्या पत्नी. पुढे त्याच विद्यापीठाच्या त्या पहिल्या कुलगुरू झाल्या. २९ मे रोजी उपवास सुटला तेव्हा रसाचा पेला त्यांनीच दिला. सत्तेने ज्याला कैदी ठरवले होते, त्याच्यासाठी एका घराने दार उघडले होते.

(१६)
तीन आठवड्यांच्या आतच त्या घरी मंगलकार्य निघाले. १६ जून १९३३ रोजी गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा विवाह पर्णकुटीत झाला. वर गुजराती वैश्य, वधू तमिळ ब्राह्मण. दोन्ही पित्यांनी आधी त्यांना काही वर्षे थांबायला लावले होते. पौरोहित्य वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी केले. शास्त्रांच्या आधारे अस्पृश्यतेचे खंडन करणाऱ्या या पंडिताने आंतरजातीय विवाहालाही शास्त्राचे बळ दिले.

(१७)
हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे : आधी पेला, मग पंक्ती, मग विवाह. आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध न दिलेल्या भाषणात हेच मांडले. केवळ सहभोजनाने जात मोडत नाही. आंतरजातीय विवाह आणि जातीला पावित्र्य देणाऱ्या ग्रंथप्रामाण्याचा त्याग, हाच खरा उपाय. एकदा शेजारी बसून जेवणे सोपे असते. नाते जोडताना जात पुन्हा समोर येते.

(१८)
तिसरे पारणे आगाखान पॅलेसमध्ये. आगाखानांनी १८९२ मध्ये बांधलेला हा वाडा १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात तुरुंग झाला. १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाईंचे तेथेच निधन झाले. १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ गांधीजींनी २१ दिवस उपवास केला आणि शेवटी संत्र्याचा रस पुन्हा कस्तुरबांच्या हातून घेतला. वर्षभरात, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, कस्तुरबाही तेथेच गेल्या. मे महिन्यात सुटका झाल्यावर गांधीजी प्रथम गेले ते पर्णकुटीतच.

(१९)
२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम १५ ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव आणि स्नानघाट जातीच्या कारणावरून कोणालाही बंद राहणार नाहीत, असे सांगितले. गंगाराम कांबळ्यांचे चहाचे दुकान आणि महाडचे तळे यांतून पुढे आलेली मागणी आता देशाचा कायदा झाली.

(२०)
कायदा उपाहारगृहाच्या दारापर्यंत येतो. घराच्या उंबऱ्याआत कोणाला बोलवावे, हे तो सांगत नाही. म्हणून न्याहारीचा बेत आखताना पोह्यांच्या मापाआधी पाहुण्यांची यादी तयार होते आणि इतिहास तेथेच डोकावतो. त्या यादीत सगळी आडनावे एकाच पंक्तीतली असतील, तर येरवड्याचे काम अजून अपुरे आहे. मुलांना मात्र हा हिशेब शिकवावा लागतो. तो न शिकवला, तर शेजारच्या बशीतला शेंगदाणा उचलताना ती काहीच विचारत नाहीत.