बॅन्टिंगसाहेबांचं वजन

भात-पोळी बंद करून वजन उतरवायची कल्पना आपल्याला कालपरवाची वाटते. ती निदान दीडशे वर्षं जुनी आहे.

१८६२ साल, लंडन. विल्यम बॅन्टिंग हे पासष्टीतले गृहस्थ. राजघराण्यातल्या अंत्ययात्रांची व्यवस्था बघणारं हे घराणं. उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. बुटाची नाडी बांधता येईना, जिना उतरायचा तर पाठमोरं उतरायचं! नाव वल्हवून पाहिली, तर भूकच वाढली. शेवटी ऐकू कमी येतं म्हणून ते कानाच्या डॉक्टरांकडे गेले, विल्यम हार्वी यांच्याकडे.

या हार्वींनी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची मधुमेहावरची व्याख्यानं ऐकली होती. त्यांनी सांगितलं: ब्रेड, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे सोडा. मांस, मासे, भाज्या खा. साधारण वर्षभरात ४६ पौंड उतरले. १८६३ मध्ये बॅन्टिंगनी स्वखर्चाने पुस्तिका छापून फुकट वाटली. ती इतकी गाजली, की स्वीडिश भाषेत 'डाएट करणं' याला आजही 'बांता' म्हणतात.

आता प्रश्न असा, की एका माणसाला लागू पडलं ते सगळ्यांना लागू पडतं का? पुढे १९७२ मध्ये रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने हीच कल्पना अमेरिकाभर नेली. पण तिची नीट तुलना व्हायला २००३ साल उजाडलं. अमेरिकेतल्या ६३ लठ्ठ व्यक्तींच्या एका चाचणीत, सहा महिन्यांनी कमी-कर्बोदकवाल्यांचं वजन जास्त उतरलं होतं. वर्ष संपता संपता मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नाही. २०१८ मध्ये ६०९ जणांवर प्रयोग झाला. वर्षाअखेर कमी कर्बोदकवाल्यांचं सरासरी ६ किलो उतरलं, कमी चरबीवाल्यांचं ५.३. फरक नगण्यच.

मग सुरुवातीला वजन भराभर का उतरतं? शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन आपल्यासोबत तिपटीएवढं पाणी धरून ठेवतं. साठा संपला की ते पाणी जातं, काटा खाली येतो. ती सगळी चरबी नसते. हा आहार खोटा आहे, असं मी म्हणत नाही. रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड बऱ्याच जणांचं सुधारतं. पण बद्धकोष्ठता होते, काहींचं एलडीएल चढतं. आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना अचानक भात-पोळी सोडली, तर साखर धोक्याइतकी खाली येऊ शकते.

बॅन्टिंगची पुस्तिका आपण सगळ्यांनी उचलली, पण त्यातली एक गोष्ट विसरलो. ते डॉक्टरांना विचारून जेवत होते. आणि त्यांचं उतरलेलं वजन टिकलं, कारण ते त्या आहाराला चिकटून राहिले. ते १८७८ मध्ये, ऐंशी ओलांडून वारले. तेव्हा मंडळी, पहिल्या महिन्याचा काटा बघून हुरळून जाऊ नका. वर्षानंतरही हेच ताट समोर चालेल का, एवढं आधी स्वतःला विचारा.