गोठ्यातली सोबत

पाळीव प्राण्यांच्या सहवासाने आयुष्य वाढते का? १९८० साली अमेरिकेत हृदयविकाराच्या ९२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरी प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षभरात ३ दगावले. नसलेल्या ३९ पैकी ११. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, पण प्रश्न मात्र उभा राहिला.

खानदेशात ही सोबत गोठ्यातली. जळगावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना ऐन तारुण्यात वैधव्य आले. पुढचे आयुष्य शेतात गेले. अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीने पोळ्यावर, त्यांच्या बोलीत ‘पोया’वर, कविता रचली. तीत बैलाच्या कष्टांची कृतज्ञ आठवण आहे.

आज नांगर ट्रॅक्टर ओढतो. रिकाम्या गोठ्यामुळे वाचलेला चारा मोजता येतो. हरवलेली सोबत कोण मोजणार?