पंधरा वर्षांची मोजदाद

दहावीचा निकाल लागला की आमच्या गावात दाखल्यांची धांदल उडते. अधिवासाच्या दाखल्याला पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो. कागद नीट आहेत ना, हे पाहून घ्यायला पालक माझ्याकडे येतात. "गुरुजी, मधल्या दोन वर्षांचं काहीच सापडत नाही हो," असे कुणी म्हणाले की मला माझे आजोबा आठवतात.

आमचा परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील सरकारी नोकरी 'मुलकी' माणसाला, म्हणजे त्या राज्यातल्या माणसाला, मिळे. १९१९ च्या नियमाने बाहेरच्या माणसालाही मुलकी होता येई. पण त्याला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागत. एक, पंधरा वर्षांचा कायम रहिवास. आणि दुसरी, मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे मॅजिस्ट्रेटसमोर केलेले प्रतिज्ञापत्र.

आजोबा १९२१ साली बार्शीहून सेलूला आले. बार्शी इंग्रजी हद्दीत, सेलू मोगलाईत. दोन्हीकडे बोली मराठी, दैवत विठोबा; पण दप्तरात आजोबा 'गैरमुलकी'! खाजगी शिकवण्या करून पोट भरत होते. १९३७ साली त्यांनी अर्ज केला, तो नामंजूर झाला. दोन वर्षांचा पुरावा नव्हता आणि प्रतिज्ञापत्रही जोडलेले नव्हते.

आजोबांनी नकाराचा कागद पुन्हापुन्हा वाचला. त्या दोन वर्षांत ते ज्या दुकानातून उधारीने किराणा आणत, त्या दुकानदाराच्या वहीत महिन्यामहिन्याला त्यांचे नाव निघाले. पहिली अडचण सुटली. दुसरी मात्र वहीत सापडणारी नव्हती. बार्शीला त्यांची म्हातारी आई होती. 'परतणार नाही' असे लिहून द्यायला त्यांचा हात धजेना. वर्ष तसेच गेले. अखेर आईच म्हणाली, "कागदावर काय लिहायचं ते लिही बाबा. मला भेटायला येत जा, म्हणजे झालं."

दुसरा अर्ज मंजूर झाला.

पुढे हैदराबाद संस्थान गेले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. तेलंगणात मात्र मुलकी नियमावरून मोठे वाद झाले. ३ ऑक्टोबर १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम वैध ठरवला आणि पुढच्याच वर्षी संसदेने तो रद्द केला.

वाचकहो, राहिलेली वर्षे मोजता येतात. मन कुठे राहिले हे कोण मोजणार? म्हणून पालकांना मी एवढेच सांगतो : अर्ज नाकारला तर नशिबाला बोल लावू नका. नकाराचे कारण वाचा आणि त्यातल्या प्रत्येक उणिवेसाठी एकेक कागद शोधा.

आजोबा दर दिवाळीला बार्शीला जात. भाऊबीज झाली की आईच्या पाया पडून म्हणत, "येतो, आता घरी जायला हवं." त्यांचे ते घर सेलूला होते.